सुझुकींची मातृभाषा आणि आपलं घर

या मालिकेत आतापर्यंत आपण बहुतेक जाडजूड ग्रंथांशी झटापट केली. आज मुद्दाम एक छोटं पुस्तक घेतलं आहे, आणि तेही तत्त्वज्ञानाचं नाही. शिनिची सुझुकी या जपानी व्हायोलिन-शिक्षकाचं हे पुस्तक. मूळ जपानी १९६६ सालचं. त्यांच्या पत्नी वॉल्ट्राउड यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९६९ मध्ये ‘नर्चर्ड बाय लव्ह’ या नावाने आला. लहान मुलांना घरी संगीत कसं शिकवावं याविषयी जगात आज जे बोललं जातं, त्यात या पुस्तकाचा वाटा मोठा आहे. पुस्तक न वाचलेले लोकही त्यातलीच वाक्यं बोलत असतात.

निवडीचं कारण सांगतो. तीन-चार वर्षांच्या मुलांचे आईवडील आम्हाला नेहमी विचारतात, “मुलाला गाण्याची आवड दिसते, क्लासला कधी घालू? आणि तोवर घरी काय करून घेऊ?” तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकाला हे का विचारावं, हे कोडंच आहे, निवृत्त माणसाकडे वेळ असतो, एवढंच त्याचं उत्तर असावं. पण त्या प्रश्नातलं ‘करून घेऊ’ हे क्रियापद आमच्या मनात रुतून बसलं आहे. आजचं व्याख्यान खरं तर त्या क्रियापदावर आहे.

आधी पूर्वपक्ष. ज्याच्यावर टीका करायची त्याची बाजू त्याला स्वतःला आवडेल इतकी चांगली मांडता आली पाहिजे, हा आपल्याकडचा जुना रिवाज. तो पाळू.

सुझुकी १८९८ साली नागोया इथे जन्मले. वडिलांचा व्हायोलिनचा कारखाना होता. म्हणजे बघा, घरात व्हायोलिनांचा नुसता ढीग. पण या मुलाला ते वाद्य वाजवावंसं वाटलं ते सतराव्या वर्षाच्या सुमारास, मिशा एल्मन यांनी वाजवलेल्या शूबर्टच्या एका रचनेची ध्वनिमुद्रिका ऐकून. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. नंतर ते बर्लिनला गेले, कार्ल क्लिंगलर यांच्याकडे शिकले, जपानला परतले, आणि युद्ध संपल्यावर १९४६ पासून मात्सुमोतो या डोंगराळ भागातल्या गावात त्यांनी मुलांना शिकवायला सुरुवात केली.

त्यांचा मूळ विचार एका अगदी साध्या निरीक्षणातून आलेला आहे. जपानमधली सगळी मुलं जपानी बोलतात. ओसाकाच्या मुलाच्या तोंडी ओसाकाची बोली असते, तिच्या सगळ्या हेलकाव्यांसकट. गणितात मागे पडलेल्या मुलाला आपण मंद ठरवतो, पण तेच मूल भाषेसारखी महाकठीण गोष्ट पाच वर्षांच्या आत आत्मसात करून बसलेलं असतं. मग मंद कोण? मूल, की आपली शिकवण्याची रीत? तेव्हा संगीतही मातृभाषेसारखं शिकवावं, असं सुझुकी म्हणतात. जन्मापासून चांगलं संगीत कानावर पडू द्यावं. एकच गोष्ट पुन्हापुन्हा करावी. शिकलेला तुकडा टाकून न देता वाजवत राहावं, जसे शिकलेले शब्द आपण टाकून देत नाही. लिपी आधी नाही, बोलणं आधी. म्हणून स्वरलिपीचं वाचन नंतर. आणि घरातली शिक्षिका आई. आईने आधी स्वतः थोडं व्हायोलिन शिकायचं; तिला वाजवताना पाहून मूल म्हणेल, मला पण पाहिजे.

हे सगळं नुसतं कागदावर राहिलं नाही. १९६१ मध्ये पाब्लो कासाल्स टोकियोत आले होते. शेकडो लहान मुलांना एका वेळी व्हायोलिन वाजवताना ऐकून तो वृद्ध चेलोवादक हेलावून गेला. सुझुकींचा हेतूही व्यावसायिक वादक घडवण्याचा नव्हता. संगीतातून माणूस घडावा, मन संवेदनशील व्हावं, हे ते सतत सांगत राहिले.

या विचारातलं एक सामर्थ्य आपल्याकडे फारसं कुणी ओळखलेलं नाही. आपल्याकडे ‘ते रक्तातच असावं लागतं’ हे वाक्य फार सहज येतं. घराणेदार गवयाच्या मुलाला सूर लागला की रक्त, आणि बँकेतल्या कारकुनाच्या मुलीला नाही लागला की पुन्हा रक्तच. पण गवयाच्या घरातल्या मुलाला रक्ताखेरीज आणखी काय मिळतं, ते पाहा. पहाटे कुणीतरी खर्ज लावतंय, दुपारी एखादा शिष्य तीच जागा वीस वेळा घोटतोय आणि आतून कुणीतरी ओरडतंय की निषाद कमी आहे. किशोरीताई आमोणकरांच्या घरी आई म्हणजे मोगूबाई कुर्डीकर. अल्लादियाखाँसाहेबांकडे शिकलेली, जयपूर घराण्याची मोठी गायिका. त्या घरात रक्ताचा वाटा किती आणि कानावर पडलेल्या गाण्याचा किती, हे वेगळं काढणार कसं? सुझुकींनी हा प्रश्न उलटा करून विचारला, आणि त्याबद्दल त्यांचं ऋण मान्य केलं पाहिजे. जन्मजात गुणांचा सबबीसारखा वापर करणाऱ्यांची त्यांनी चांगलीच अडचण केली.

इथपर्यंत आम्ही त्यांच्याबरोबर आहोत. पण ‘मातृभाषा’ हा त्यांचा दृष्टान्त आहे, आणि दृष्टान्त तपासणं हा आमचा धंदा. मूल भाषा शिकतं, ते नेमकं कसं?

या प्रश्नावर मीमांसकांनी आणि नैयायिकांनी फार बारीक चर्चा केलेली आहे. त्यांचं एक आवडतं उदाहरण आहे. एक वडीलधारा दुसऱ्याला म्हणतो, “गाय आण.” दुसरा जातो आणि गाय घेऊन येतो. जवळच एक मूल बसलेलं आहे. ते ऐकतं आणि पाहतं. थोड्या वेळाने पहिला म्हणतो, “गाय बांध.” मग म्हणतो, “घोडा आण.” एक शब्द काढला, दुसरा घातला, कृती थोडी बदलली, थोडी तशीच राहिली. या घालण्याकाढण्याला शास्त्रात आवाप आणि उद्वाप म्हणतात. त्यातून मुलाला कळतं की ‘गाय’ म्हणजे हे आणि ‘आण’ म्हणजे ते. या सगळ्या प्रकाराला नाव आहे वृद्धव्यवहार.

आता या चित्रात मूल कुठे आहे, ते बघा. ते तिसरं आहे. त्याच्याशी कुणी बोलत नाहीये. त्याला शिकवण्यासाठी गाय आणलेली नाही. गाय दूध काढायला आणलेली आहे. दोन मोठी माणसं आपल्या गरजेपोटी भाषा वापरतात, आणि मूल त्या वापरात आपली जागा शोधत येतं. पश्चिमेत विट्गेनश्टाइनने आपल्या उत्तरकालीन ग्रंथाची सुरुवातच संत ऑगस्टीनच्या एका उताऱ्यावर टीका करून केली. मोठी माणसं वस्तूकडे बोट दाखवतात, नाव घेतात आणि मूल ते नाव लक्षात ठेवतं, हे ऑगस्टीनचं चित्र त्याला अपुरं वाटलं. दोघांच्या वाटा पुष्कळ वेगळ्या आहेत, सरमिसळ करू नये. पण मूल भाषा शिकतं ते तिच्या वापरात ओढलं गेल्यामुळे, एवढं दोघांकडून घ्यायला हरकत नाही.

मग सुझुकींच्या घरात काय होतं? आई व्हायोलिन शिकते, पण कशासाठी? मुलाने शिकावं म्हणून. घरात ध्वनिमुद्रिका लागते ती मुलाच्या कानावर पडावी म्हणून. मोठ्या माणसांना त्या संगीताची स्वतःची गरज असेलच असं नाही. गाय आणली जाते ती मुलाला ‘गाय’ शब्द कळावा म्हणून, आणि दूध कुणीच काढत नाही! मुलं फार हुशार असतात, त्यांना हे लवकर कळतं. आपल्यासाठी चाललेलं नाटक कोणतं आणि खरा व्यवहार कोणता, यातला फरक त्यांना दुसऱ्या वर्षीच समजतो. खेळण्यातला फोन फेकून देऊन मूल तुमचा खरा फोन का मागतं? तुम्ही तो वापरता म्हणून.

आता मघाची गोष्ट आठवा. व्हायोलिनच्या कारखान्यात वाढलेल्या मुलाला सतराव्या वर्षापर्यंत व्हायोलिनची ओढ लागली नाही. घरात वाद्यं होती, पण ती विकायची वस्तू होती. तो माल होता. सुझुकींचं स्वतःचं आयुष्य त्यांच्या सिद्धान्तापेक्षा जास्त बोलकं आहे, असं आम्हाला वाटतं. वाद्य घरात असणं वेगळं आणि घरात संगीताचा व्यवहार असणं वेगळं.

दुसरा मुद्दा ध्वनिमुद्रिकेचा. रोज तीच मुद्रिका ऐकवा, असं सुझुकी सांगतात. पण आवाप-उद्वाप होतो तो बदलामुळे. रोज एकच माणूस एकाच स्वरात “गाय आण” म्हणत राहिला, तर मुलाला अख्खं वाक्य पाठ होईल, पण ‘गाय’ आणि ‘आण’ यांची फोड होणार नाही. इथे सुझुकींना न्याय दिला पाहिजे. त्यांच्या पहिल्या पुस्तकातला पहिला धडा म्हणजे आपल्या बालवर्गातही गायली जाणारी ती चांदणीच्या गाण्याची चाल, निरनिराळ्या लयबंधांत बसवलेली. चाल तीच, लयीचा साचा वेगळा. हा अस्सल आवाप-उद्वाप आहे, आणि शिक्षक म्हणून त्यांची प्रतिभा तिथे दिसते. त्यांचा हात त्यांच्या पुस्तकापेक्षा शहाणा होता.

मुद्रिकेच्या मर्यादेचं उदाहरण आपल्याकडे आहे. कुमार गंधर्व लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून हुबेहूब गात, मैफली गाजवत. अकराव्या वर्षाच्या सुमारास ते मुंबईला प्रोफेसर देवधरांकडे आले. पुढे जे कुमार झाले, ते कुणाची नक्कल नव्हते. रेकॉर्डने त्यांना पुष्कळ दिलं, हे नाकारता येत नाही. पण देवधरांकडे प्रश्न होते, वाद होते, येणारेजाणारे गवई होते, आणि एकच राग दोघांकडून दोन तऱ्हांनी ऐकायला मिळण्याची शक्यता होती.

आता आपल्या घराकडे येऊ. मराठी घरात संगीताचा खरा व्यवहार कुठे होता? जात्यावर. दोघीजणी दळायला बसत, मूल मांडीवर. ओवी मुलासाठी नव्हती. सासर, माहेर, भाऊ, विठ्ठल, पोटातलं दुःख, यांच्यासाठी होती. आणि दळण सुकर व्हावं म्हणूनही होती. हेमा रायरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी सहकाऱ्यांसह जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाहून जास्त आहे. पण त्या हजारो ओव्या मोजक्याच चालींवर गायल्या जात. चाल तीच, शब्द नवे. मांडीवरच्या पोराला चाल आणि शब्द यांची फोड करून देणारी याहून चांगली शाळा आम्हाला सुचवता येत नाही. गिरणी आली, बायकांचे हात सुटले, ते चांगलंच झालं. कुणी जात्याचे उमाळे काढू नयेत. पण ओवीचं निमित्त गेलं, आणि त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही.

उरली काय, तर आरती. आमचे काही मित्र यावर नाक मुरडतील, पण गणपतीच्या दिवसांतली घरची आरती हा आज सामान्य मराठी घरातला संगीताचा जवळजवळ एकमेव जिवंत व्यवहार आहे. देव मानायचा की नाही, हा प्रश्न आज बाजूला ठेवू. तिथे काय घडतं ते पाहा. सगळे गातात, श्रोता कुणीच नसतो. गणपतीची, शंकराची, देवीची आरती एकाच चालीवर जाते, म्हणजे पुन्हा आवाप-उद्वाप. चार वर्षांच्या पोराच्या हातात झांज येते. ते ती वेडीवाकडी वाजवतं. कुणी आरती थांबवून “चुकलं, परत वाजव” असं म्हणत नाही. आरती पुढे जाते, आणि त्याला तिच्यामागे धावावं लागतं. एक-दोन वर्षांत झांज टाळीवर पडायला लागते. कुणी शिकवलं? कुणीच नाही.

भाषेतही असंच असतं. मूल म्हणतं, “बाबा आली.” घरातले हसतात, पण दार उघडायला जातात. चुकीच्या वाक्याने काम होतं, आणि काम होत राहिल्याने वाक्य सुधारतं. गाण्यात मात्र आपण उलट करतो. मूल आपल्या तंद्रीत गुणगुणत असतं, आपण मध्येच म्हणतो, “तिथे असं नाही, असं आहे.” गाणं थांबतं. दहा वेळा असं झालं की मूल आपल्यासमोर गात नाही. शाळेच्या संमेलनात कुणीतरी त्याला सांगतं, “तू नुसते ओठ हलव.” आमच्या वयाची अशी कितीतरी माणसं आम्हाला माहीत आहेत, जी साठ वर्षं नुसते ओठ हलवत आली. ती बेसूर होती का? सहाव्या वर्षी कोण नसतं? लहान मुलाचा आवाज चार-पाच स्वरांतच सुखाने फिरतो, आणि आपण त्याला आपल्या पट्टीत ओढतो. बाबांच्या काळी एकमध्ये मुलाने खालचा सा लावायचा म्हणजे आवाज घशातच राहणार. आधी मूल कुठे सहज गुणगुणतंय ते ऐकावं आणि आपण त्याच्या पट्टीत जावं. इतकी साधी गोष्ट न केल्यामुळे किती मुलं ‘बेसूर’ ठरली, याची गणती नाही.

आता आरतीचीही बाजू अति घेऊ नये. आरतीतून लय मिळते, धिटाई मिळते, पण सूर मिळेल याची खात्री नाही. कुणीतरी दणदणीत आवाजाचा काका पट्टी धरतो, तिसऱ्या कडव्यापर्यंत ती अर्ध्या स्वराने वर गेलेली असते. म्हणून घरात दुसरी एक गोष्ट हवी, ती म्हणजे तानपुरा. आता तो फोनवरही मिळतो, आणि आमची त्याला काही हरकत नाही. स्वयंपाक करताना, पेपर वाचताना तो मंद लावून ठेवावा. मुलाला काही सांगू नये. पण मोठ्यांनी अधूनमधून त्यात आपला सा मिळवावा. तो मिळाला की बरं वाटतं, म्हणून मिळवावा. खऱ्या तानपुऱ्याची खर्जाची तार नीट लागली, की तिच्यातून गांधार आपोआप ऐकू येतो. त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. तो मुलाने ऐकला तर भाग्य.

आणि पेटी? इथे आम्ही थोडे हट्टी आहोत. मराठी घरात मुलाचं गाणं पेटीवर सुरू होतं, कारण पेटी माळ्यावर असतेच. बोट ठेवलं की स्वर तयार. पण पेटीचा गांधार तानपुऱ्याच्या गांधारापेक्षा चढा असतो. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले, तर साधारण चौदा भागांनी. असल्याच कारणांवरून केवढे वाद झाले! १९४० साली सरकारी नभोवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली होती, आणि ती कित्येक दशकं टिकली. ती बंदी आम्हाला अतिरेकी वाटते. उत्तम पेटीवादकांनी तिचं उत्तर आपल्या वादनाने दिलेलं आहे. आमची तक्रार चौदा भागांची नाहीच. पेटीबरोबर गाणाऱ्या लहान मुलाचा कान बोटाच्या मागे चालतो, ही आहे. स्वर शोधायचा असतो, हेच त्याला कळत नाही. तो दाबायचा असतो असं वाटतं. सुझुकींच्या व्हायोलिनला पडदे नाहीत, तिथे बोट कानाच्या मागे चालतं. हा त्यांच्या पद्धतीचा मोठा फायदा आहे आणि त्याकडे फार कमी लोक लक्ष वेधतात.

आता थोडं इतिहासाबद्दल. १९०१ साली विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गाणं उस्तादाच्या मर्जीतून सुटून वर्गात आलं, मध्यमवर्गीय घरात आलं, घरंदाज म्हणवणाऱ्या बायकांच्या गळ्यात आलं. हे उपकार विसरणं कृतघ्नपणाचं होईल. परीक्षा आल्या: प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद. त्यांनीही गावोगाव गाणं पोचवलं. पण वर्गाची एक सवय असते. तो घराला आपली ओसरी करून टाकतो. रियाजाचा गृहपाठ झाला. मुलगी पाच अलंकार म्हणते, आई वहीवर खूण करते, परीक्षेला दोन महिने उरलेले असतात. ‘करून घेणं’ हे क्रियापद घरात शिरलं ते इथून.

याच ठिकाणी आमची सुझुकींवरची मुख्य टीका येते. त्यांनी आईला घरातली शिक्षिका केलं. तिचा वेळ कुणाचा, तिला स्वतःला काय हवं, हा प्रश्न त्यांच्या विचारात मध्यभागी येत नाही. आपल्याकडच्या कितीतरी बायकांनी लग्नाआधी मध्यमा केलेली असते, कुणी विशारद झालेली असते. लग्नानंतर पेटी कापडात गुंडाळून माळ्यावर जाते. घरात कुणी मनाई केलेली नसते हो, नुसतं कुणी विचारलेलं नसतं. दहा वर्षांनी पेटी खाली येते ती मुलाच्या क्लाससाठी. धूळ झटकली जाते, भाता दुरुस्त होतो, आणि ती बाई आपल्या मुलाला सा रे ग म घोटून घ्यायला बसते. स्वतः यमन गात नाही. मग मुलाला काय दिसतं? आईला ज्याची गरज नाही, अशी एक गोष्ट आई आपल्याकडून करून घेते आहे, एवढंच. आम्हाला विचाराल तर त्या घरात मुलाच्या क्लासची फी भरण्याआधी आईला संध्याकाळचा अर्धा तास मोकळा करून द्यावा. तिने दार लोटून घ्यावं आणि स्वतःसाठी गावं. मूल दाराशी येऊन बसेल. आत बोलावू नये. वृद्धव्यवहारातलं ते तिसरं मूल हेच.

एका श्रोत्याने मागे असं विचारलं होतं की आम्हाला दोघांनाही गाता येत नाही, मग आमच्या मुलाने काय करावं? गाता येत नाही म्हणजे मैफलीत गाता येत नाही, असं बहुतेकांना म्हणायचं असतं. घरात भाषा वापरायला वक्ता असावं लागत नाही. ज्यांना खरोखरच गायची लाज वाटते, त्यांनी ऐकावं. पण ऐकायचं ते मुलासाठी नव्हे. रात्री जेवणं झाल्यावर एक रेकॉर्ड लावून दोघांनी नीट ऐकावं आणि त्यावर भांडावं. “हा भीमसेनांचा मारवा जास्त चांगला की तो?” असा वाद जिथे होतो, त्या घरातल्या मुलाला मारवा म्हणजे भांडण्याजोगी काहीतरी मोलाची गोष्ट आहे, एवढं नक्की कळतं. गोव्यातल्या ख्रिस्ती वस्त्यांत चर्चच्या शाळांनी पिढ्यानपिढ्या मुलांना स्वरवाचन आणि व्हायोलिन शिकवलं, आणि त्यातूनच पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतातले वाद्यवृंद उभे राहिले. पण तिथेही शिकलेलं रविवारी गावासमोर वापरलं जात होतं. शाळा होती, आणि शाळेच्या बाहेर गरजही होती.

परदेशातल्या मराठी श्रोत्यांची पत्रं येतात, म्हणून दोन शब्द. तिकडची मुलं शनिवारी सकाळी पडद्यावरून इकडच्या गुरुजींकडे शिकतात. ते अवश्य करावं. पण महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरती स्पीकरवर लावून सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, हे मात्र बंद करावं. रोमन लिपीत शब्द लिहून घ्या, चुकीचे उच्चार होऊ द्या, पण गा.

आणि स्पर्धा? यावर ॲरिस्टॉटल काय म्हणतो ते पाहू. ‘पॉलिटिक्स’च्या आठव्या पुस्तकात त्याने मुलांच्या संगीतशिक्षणावर बरंच लिहिलं आहे. मुलांनी स्वतः गावं-वाजवावं, असं तो म्हणतो, कारण जे कधी केलंच नाही त्याची पारख करणं अवघड. पण स्पर्धांमध्ये दाखवल्या जाणाऱ्या करामतींपर्यंत त्यांना नेऊ नये, असंही तो स्पष्ट बजावतो. त्याच्या बोलण्यात स्वतंत्र नागरिक आणि धंदेवाईक कलावंत यांच्यात केलेला भेद आहे, तो आम्हाला मान्य नाही. वादकाला हलका समजणारा तो काळ होता. पण आठ वर्षांच्या मुलीला दिव्यांच्या झगमगाटात उभं करून परीक्षकांच्या गुणांसाठी रडवणारे आईवडील पाहिले, की त्याची ताकीद रद्द करावीशी वाटत नाही. त्याच प्रकरणात त्याने आर्किटासच्या खुळखुळ्याचं कौतुक केलं आहे. आर्किटास हा पायथागोरसच्या परंपरेतला मोठा गणिती. त्याचा खुळखुळा मुलांच्या हातात द्यावा, म्हणजे ती घरातल्या वस्तू फोडत नाहीत, असं ॲरिस्टॉटल म्हणतो; लहान पोराला स्वस्थ बसवत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

आपल्याकडे खुळखुळ्याची जागा झांजेने घेतली आहे. ती फुटत नाही, एवढा तिचा जास्तीचा गुण. शेजाऱ्यांचं मत अर्थात वेगळं असू शकेल. वेळ झाली आहे. क्लासला कोणत्या वर्षी घालावं, हा प्रश्न आता तुमच्यापैकी कुणीतरी विचारणारच. चला, प्रश्न घेऊ.